खेमगडावरच्या पादुका

अण्णासाहेब ताम्हण्यांनी पायांतले बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटांत कोंबले आणि त्या दोन दगडांवर सरळ डोकं टेकलं. तेव्हा माझा बाप खोकला.

तो खोकला सर्दीचा नव्हता. घरात कुणी काही वेडंवाकडं बोललं की आबा असे खोकायचे, मग थोडा वेळ वाट बघायचे, म्हणजे बोलणाऱ्याला शब्द मागे घ्यायला सवड मिळावी. अण्णासाहेबांनी शब्द मागे घेतला नाही. डोकं तसंच ठेवून ते आतून ओरडले, "पादुका! अरे, साक्षात पादुका आहेत या!"

ती जागा म्हणजे खेमगडाच्या पश्चिमेच्या तटाच्या जाडीत काढलेली एक एवढीशी खोली. एक माणूस वाकून आत जाईल, दुसऱ्याला जागा नाही. त्यामुळे अण्णासाहेबांचं धूड आत आणि त्यांचे चार शिष्य बाहेर वह्या उघडून उभे. आमचे सरपंच डोक्यावर छत्री धरून. कोपऱ्यात मी, आणि माझ्या पुढे आबा, म्हणजे हैबती गेणू ढेबे, गडाचा पहारेकरी. सरकारी खात्यात एकोणीस वर्षं, पण सगळी रोजंदारीवर.

"सायेब," आबा म्हणाले, "उठा. तितं डोकं नगा टेकू."

"का? दैवत कडक आहे का?"

"दैवत न्हाई. शेतखाना हाय त्यो."

"काय?"

"शेतखाना. गडावरची मानसं सकाळी बसायची, ती जागा."

एक शिष्य फिस्सकन हसला. अण्णासाहेब मागे मागे सरकत बाहेर आले, कपाळाला तीन-चारशे वर्षांची धूळ लागलेली, आणि शिष्याने हसू गिळून टाकलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की आता या धुळीची किंमत कुणाला तरी मोजावी लागणार.

अण्णासाहेब ताम्हणे कोण, हे सांगितलं पाहिजे. विमा कंपनीत तीस वर्षं फायली सरकवल्या, निवृत्त झाले, कानटोपी घातली आणि दुर्गतपस्वी झाले. ही पदवी त्यांना कुणी दिली म्हणाल तर त्यांच्याच छापील कागदांनी. चौदा पुस्तिका लिहिल्या होत्या. मी सगळ्या वाचल्यात. भोक दिसलं की भुयार, खड्डा दिसला की खलबतखाना, आणि दोन दगड उभे दिसले की कुणीतरी सती गेलेली. वासरात लंगडी गाय शहाणी, तसं आमच्या जिल्ह्यात हे गृहस्थ. गड-किल्ल्यांच्या सरकारी सल्लागार समितीवर त्यांना कुणी नेमलं, देव जाणे. पण नेमलं होतं, आणि त्यांची सही चालत होती, हे खरं.

आता त्या खोलीचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. आत जायला वाट सरळ नाही, एक वळण आहे, म्हणजे बाहेरून कुणाला आतलं दिसू नये. जमिनीत दोन लांबट दगड, चार बोटं वर उचललेले, पायाच्या मापाचे. त्यांच्यामध्ये चीर. चिरेखाली दगडात कोरलेली उतरती नळी, ती तटाच्या बाहेर दरीच्या अंगाला निघते. बाजूला एक कोनाडा, पाण्याचं भांडं ठेवायला. बस्स. याला पुस्तकातली माणसं शौचकूप म्हणतात, जुन्या कागदांत शेतखाना म्हणतात, आणि आमच्या गावात तिसरा शब्द आहे, तो तुम्हालाही माहीत आहे. आबांना हे त्यांच्या बापानं सांगितलेलं, त्याला त्याच्या बापानं. आमचे पूर्वज गडावर गस्तीला होते, म्हणजे वापरणाऱ्यांपैकीच.

आबा हे कधी भाषण देऊन सांगत नसत. त्यांची एक रीत होती. कुणी गड बघायला आलं की ते त्यांना तटाबाहेरच्या पायवाटेवर, त्या नळीच्या तोंडासमोर उभं करायचे. स्वतः टाक्यातून तांब्याभर पाणी घेऊन वर जायचे आणि आतून हाळी द्यायचे, "ओतू का?" खालचे म्हणायचे, "ओता!" आणि मग नळीतून पाणी सळसळत येऊन दरीत पडायचं. लोक एकमेकांकडं बघायचे आणि हसायला लागायचे. शाळेची पोरं तर टाळ्या वाजवायची. वर आलेल्यांना मग आबा सांगायचे, पश्चिमेलाच का, तर वस्ती पूर्वेला, इकडं नुसती दरी, आणि घाण गडावर राहत नाही. नळी वीतभरच का, तर शत्रूचा माणूस तिच्यातून घुसायला नको. एवढंच. ज्याला डोळे आहेत त्याला जास्त सांगावं लागत नाही, असं ते म्हणायचे.

त्या दिवशीही ते तांब्या आणायला निघाले. "दावतो की सायेब, पानी वतून."

"काही गरज नाही," अण्णासाहेब म्हणाले. ते बूट चढवत होते. "वास्तू बोलते, पहारेकरी. पण ती ऐकायला साधना लागते. दोन पावलं कोरलेली आहेत, समोर दिवा ठेवायला कोनाडा आहे, तीर्थ वाहून न्यायला पन्हळ आहे. याला ध्यानगुंफा म्हणतात. तुमच्या अडाणी बापजाद्यांनी इथं काय केलं असेल ते त्यांच्यापाशी."

शिष्यांनी लिहून घेतलं. सरपंचानं छत्री मिटली, हात जोडले आणि त्या दोन दगडांना नमस्कार केला. याच सरपंचाने शाळेत असताना त्याच जागी बसून दाखवायची पैज जिंकली होती. साक्षीला मी होतो.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. मी चोवीस वर्षांचा, तालुक्याच्या पंचायत समितीत कारकून. त्याच महिन्यात खात्याचं पत्रक आलं होतं. रोजंदारीवरच्या पहारेकऱ्यांची छाननी व्हायची होती. ज्यांची शिफारस होईल ते कायम, बाकीच्यांना एक एप्रिलपासून सुट्टी. आणि शिफारस करणार कोण, तर सल्लागार समिती.

आठ दिवसांनी अण्णासाहेब माझ्या कचेरीत आले. स्वतःहून. मी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. बशीत ओतून घेतला त्यांनी, फुंकर मारली आणि म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात म्हणून तुमच्याशी बोलतो. मंत्रीमहोदय पंधरा दिवसांत खेमगडावर येतायत. पादुकांचा फलक लागणार, उत्सव सुरू होणार. गावाचं सोनं होईल हो! पण खात्यात एक दाणी म्हणून अधिकारी आहेत, ते आडवे पडलेत. म्हणतात, स्थानिक पहारेकऱ्याचा जबाब घेतल्याशिवाय फलकाला परवानगी देणार नाही."

"मग?"

"मग काय? गुरुवारी येतायत ते जबाब घ्यायला. तुमचे वडील सज्जन आहेत. पण जरा हट्टी दिसले."

मी टेबलावरची फाईल सरळ केली.

"एकोणीस वर्षं झाली ना त्यांना?" त्यांनी बशी खाली ठेवली. "अशी माणसं कायम व्हायला हवीत. समितीत मी सांगेनच. फक्त जबाब नीट झाला पाहिजे."

धमकी म्हणून एक शब्द नाही. मीही मान डोलावली. मला तेव्हा त्यांचा राग आला असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर नाही. मला बरं वाटलं. एवढा मोठा माणूस माझ्या टेबलासमोर बसून मला अहो-जाहो करतोय आणि समोरचे कारकून माना वर करून बघतायत. लाचार माणसाला असला चहा फार गोड लागतो.

आणि एक खरं सांगून टाकतो. मेढ्याच्या शेडगे गुरुजींची मुलगी, इंदू, मला सांगून आली होती. गुरुजींनी पहिलाच प्रश्न विचारला होता, "वडील कायम आहेत का?" मी म्हणालो होतो, "होतायत."

बुधवारी संध्याकाळी आबा जेवायला बसले. नाचणीची भाकरी, माठाची भाजी. आई चुलीपुढं. मी विषय काढला.

"आबा, उद्या दाणी साहेब येतायत. त्यांनी विचारलं तर पादुका आहेत म्हणा."

"आन् न्हाईत तर?"

"नाहीत हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. म्हटलं म्हणून कुणाचं काय बिघडतंय?"

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "सर्ज्या, गडावर तीनशे मानूस ऱ्हायचं. बायामानसं, पोरंबाळं. ती काय हवा खाऊन ऱ्हायची? ज्यानं गड बांदला त्यानं त्यांच्या सकाळचीबी काळजी केली. घान खाली जावी, वास वर येऊ नये, बाईमानसाला आडोसा असावा. ह्ये शानपन हाय, त्यात लाजायचं काय? आन् त्यावर शेंदूर फासायचा?"

"शेंदूर त्यांना फासू द्या. एक तारखेला गडावरनं काढलं तर काय करणार? कारखान्याच्या गोदामात पोती उचलणार?"

"काडत्याल कशापायी? म्या काय चोरी केली?"

"अवं," आई मध्येच बोलली, "ती हगायची जागा ऱ्हाऊंद्या, आदी पोटाचं बगा. पादुका म्हनलं तर जीब झडती का?"

"तुला कळत न्हाई त्यातलं."

"मला चुलीतलं कळतंय. ती इजली की समदं इजतंय."

आबा पुन्हा जेवू लागले. त्यांचं ते शांत चावणं मला सहन होईना. त्यांना काही फरकच पडत नव्हता, असं मला वाटलं. माझं लग्न, माझी कचेरी, गुरुजींना दिलेला शब्द, सगळं त्या वीतभर चिरेत चाललेलं, आणि हा माणूस भाजीला मीठ कमी आहे का बघतोय. मी म्हणालो, "जन्मभर लोकांना संडास दाखवलात. दुसरं काय केलंत? कोण विचारतं तुम्हाला?"

आई वळून बघायला लागली. आबांनी उरलेली भाकरी ताटात ठेवली. ताटातच हात धुतला. अन्न टाकून उठलेलं मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

गुरुवारी दहाला दाणी साहेब गडावर आले. लुकडा माणूस, खांद्याला खाकी पिशवी, बरोबर एक शिपाई. अण्णासाहेब आधीच येऊन बसले होते, शिष्य, सरपंच आणि हार घेतलेली दोन-चार माणसं घेऊन. जबाबाला हार! पण आमच्याकडं मयताला आणि मंत्र्याला एकाच दुकानातून आणतात, तर जबाबाला आणला म्हणून काय झालं.

दाणी आधी सगळा तट फिरून आले. त्या खोलीत एकटेच गेले, पाच मिनिटं आत होते. बाहेर आल्यावर त्यांनी रुमालाने हात पुसले आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "हैबतराव, तुम्ही पाणी ओतून दाखवता असं ऐकलंय. बघू या."

त्यांना सगळं ठाऊक होतं, हे त्यांच्या तोंडावरून मला स्पष्ट दिसलं. त्यांना फक्त कागदावर कुणाचं तरी खरं हवं होतं. अण्णासाहेबांशी एकट्याने भांडण्याइतका जोर त्यांच्यातही नव्हता, म्हणून हा सगळा खटाटोप माझ्या बापाच्या खांद्यावर. सरकारी माणसाची सचोटी ही अशी असते. दुसऱ्याच्या तोंडून बोलणारी.

सगळे खालच्या पायवाटेवर गेले. आबा तांब्या भरून आत गेले. मी वळणाशी उभा राहिलो. आत उजेड थोडा होता. आबा वाकून उभे, तांब्या हातात, आणि माझ्याकडं बघत होते.

"काय म्हनू?" त्यांनी विचारलं.

माझी समजूत होती की रात्री अन्न टाकून उठलेला माणूस मला काही विचारणार नाही. पण त्यांनी विचारलं. त्यांनी मला मोकळं सोडलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. एक शब्द बोललो असतो, 'खरं ते सांगा', तर पुढचं काहीच झालं नसतं.

"पादुका म्हणा, आबा," मी म्हणालो.

आबांनी हाळी दिली नाही. रोज ते चिरेत पाणी ओतायचे. त्या दिवशी त्यांनी आधी उजव्या दगडावर धार धरली, मग डाव्या. सावकाश, अभिषेक करावा तशी. पाणी दगडांवरून ओघळलं, चिरेत उतरलं, आणि खालून आरडाओरडा झाला.

"तीर्थ!" अण्णासाहेबांचा आवाज. "गोमुखातून तीर्थ आलं! घ्या, घ्या!"

आम्ही खाली पोचलो तेव्हा जे बघितलं ते आयुष्यभर विसरणार नाही. शिकलेसवरलेले लोक त्या नळीच्या तोंडाशी ओंजळी धरून गर्दी करत होते. शेवटचे थेंब टपकत होते ते चाटत होते म्हटलं तरी चालेल. अण्णासाहेबांनी दोनदा घेतलं, डोळ्यांना लावलं, मिशा पुसल्या. सरपंच म्हणाला, "मंडळीला जरा घरी न्यायला पाहिजे होतं," आणि कुणीतरी त्याला औषधाची रिकामी बाटली दिली. किळस म्हणावी तर पाणी स्वच्छ होतं, सरपंचाची ती पैज सोडली तर दीडशे वर्षांत तिथं कुणी बसलेलं नव्हतं. किळस मला त्यांच्या तोंडांवरच्या समाधानाची आली. आणि तरी मी हात जोडून उभा होतो. हेही लिहून ठेवतो.

दाणी बाजूला एका धोंड्यावर बसले होते. मांडीवर कागद. त्यांनी आबांना जवळ बोलावलं.

"हैबतराव, ही जागा कसली आहे?"

"पादुका हायेत."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

आबा थांबले. इथं ते 'साहेबांनी' म्हणू शकले असते. तेवढीच फट होती सुटायला.

"माज्या बापानं," ते म्हणाले.

दाणींचं पेन थांबलं. अण्णासाहेब मागून "आता झालं ना समाधान!" म्हणत टाळी वाजवून मोकळे झाले. दाणींनी पिशवीतून दुसरा एक कागद काढला आणि आवाज खाली आणला. मी शेजारीच होतो म्हणून मला ऐकू आलं.

"हे मी काल लिहून ठेवलं होतं," ते म्हणाले. "या पहारेकऱ्याला गडाचा दगडन् दगड माहीत आहे, अशी माहिती इतर कोणापाशी नाही, सबब याला कामावरून कमी करू नये. वर पाठवणार होतो. याचं कितपत वजन पडलं असतं सांगता येत नाही. पण आता या दोन ओळींचं काय करू?"

"खोडा," आबा म्हणाले.

"खोडू?"

"खोडा सायेब. मला कायबी म्हाईत न्हाई."

मग त्यांनी जबाबावर सही केली. हैबती गेणू ढेबे. एक एक अक्षर जोडून, जीभ दातांत धरून. ती सही त्यांना मीच शिकवली होती, सातवीत असताना.

एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात आदेश आला. आबा कायम झाले. मी तालुक्याहून पेढे आणले, कचेरीत वाटले, मेढ्याला गुरुजींकडे पुडा पाठवला. आदेशात कामाची यादी होती: गस्त, स्वच्छता, आणि तिसरी ओळ, 'ध्यानगुंफेतील पादुकांची नित्य पूजा व दिवाबत्ती'. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. आई म्हणाली, "देवाचं काम मिळालं, अजून काय पायजे." आबा अंगणात बसून विळ्याला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मंत्री आले, फलक लागला. काळ्या संगमरवरावर सोन्याची अक्षरं. मी मोजल्या, त्या एका फलकात अकरा चुका आहेत. तटातल्या जंग्या, बंदूक रोखायला ठेवलेली ती तिरपी भोकं, त्यांना 'साधकांच्या प्राणायामासाठी हवेची छिद्रे' असं लिहिलंय. प्राणायाम! तीनशे भुकेले शिपाई नाकपुडी दाबून बसलेत आणि खाली शत्रू वाट बघतोय, तुमचं झालं की सांगा म्हणून.

फलक लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आबांनी गडाबद्दल बोलणं बंद केलं. रागाने नव्हे. शाळेची सहल यायची, गुरुजी विचारायचे, "मामा, ह्या भोकांना काय म्हणतात?" आबा म्हणायचे, "मला म्हाईत न्हाई. फळीवर लिवलंय बगा." एकदा एक फौजेतला निवृत्त माणूस आला, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. दोन तास मागे मागे फिरला. "हा बुरूज असा बाहेर का काढलाय? हे टाकं कधी आटत का नाही?" आबा दर वेळी तेच. शेवटी तो माणूस चिडून मला म्हणाला, "एवढी वर्षं इथं राहून या म्हाताऱ्याला काही ठाऊक नाही?"

मी म्हणालो, "नाही हो."

टाक्याचं खरं आम्हाला कुणालाच कळलं नाही. त्याखाली झरा आहे, त्याच्या तोंडावरचा दगड कुठला आणि तो उन्हाळ्यात कधी सरकवायचा, ते आबांना माहीत होतं. आता टाकं उन्हाळ्यात कोरडं पडतं. मी पुढं किती वेळा विचारलं. आजारपणात उशाशी बसून विचारलं. "तू शिकलायस," एवढंच म्हणायचे, तेही हसून. बारा वर्षं नोकरी केली, पेन्शन घेतली आणि सगळं बरोबर घेऊन गेले. त्यांच्या कामात कुणाला एक खोट काढता आली नाही. दिवाबत्ती एक दिवस चुकली नाही.

पण मला सांगायचंय ते पहिल्या उत्सवाचं. लग्नानंतरचा पहिला माघ. गडावर दीड-दोन हजार माणूस. अण्णासाहेब मंचावर, गळ्यात हार, कपाळाला या वेळी धुळीऐवजी अष्टगंध. मी इंदूला घेऊन आलो होतो, बरोबर शेडगे गुरुजी आणि सासूबाई. गुरुजी भाविक माणूस. गड चढताना वाटेत चार जणांना सांगत होते, "आमचे व्याही इथले पूजक."

तटाखालच्या पायवाटेवर तीर्थाची रांग होती. नळीच्या तोंडाला आता पितळी गोमुख बसवलं होतं, खाली तांब्याचं घंगाळ. आबा त्याच्यापाशी उभे. खात्यानं दिलेला खाकी सदरा, डोक्याला भगवा पटका, हातात पळी. येणाऱ्याच्या तळहातावर तीर्थ घालायचं, पुढचा. मान वर करत नव्हते. माणसांचे नुसते हात बघत होते.

इंदूने घेतलं, डोळे मिटून. मग माझा हात पुढे झाला.

हात त्यांनी ओळखला. मान वर केली. आदल्या वर्षीच्या त्या गुरुवारनंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं असं सरळ बघितलं. पळी बुडवली, काठोकाठ भरली आणि माझ्या तळव्यात ओतली. मी बोटं थोडी सैल सोडली, म्हणजे ते गळून जावं.

"बोटं जुळीव," ते हळूच म्हणाले. "तीर्थ सांडू नये."

मागे गुरुजी उभे होते. "घ्या जावईबापू, घ्या," ते म्हणाले.

"आबा..." मी म्हणालो.

आबा पळी धरून थांबले. रांग अडली. मागून कुणीतरी विचारलं, काय झालं म्हणून. आबांच्या तोंडावर ना राग होता ना गंमत. पुढच्या कामाला उशीर होतोय म्हणून माणूस थांबतो, तसे ते थांबले होते.

मी पाणी प्यायलो.

हात खाली घेणार, तेवढ्यात त्यांनी पळी पुन्हा भरली. "तीनदा घेत्यात," ते म्हणाले. मी दुसऱ्यांदा प्यायलो. तिसऱ्यांदा प्यायलो. गुरुजी मागे कौतुकाने "वा" म्हणाले.

मग आबांनी मान खाली घातली आणि इतर सगळ्यांना सांगत होते तसंच मला सांगितलं, "म्होरं सरका पाव्हणं. मागं लई लोक हायेत."